सूरजच्या खिशातल्या पुडीबाबत

जबाब. दिनांक २ मे २०२५, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नाव बाळासो ज्योतिबा मेटकरी, वय ५७ वर्षे, धंदा गलाई व शेती, शिक्षण नववी, राहणार खडकेमळा, ता. आटपाडी, जि. सांगली.

मी वरील ठिकाणी पत्नी सुलाबाई हिच्यासह राहतो. आम्हाला मूलबाळ नाही. शेजारच्या घरात माझा धाकटा भाऊ धनाजी आणि त्याची पत्नी अंजना राहतात. त्यांचा मुलगा सूरज, वय २८, हा दि. २१ एप्रिल रोजी मिरज येथे हृदयविकाराच्या झटक्याने मयत झाला. मिरजेचे कागद इकडे वर्ग झालेले आहेत. आज मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की,

भाऊ धनाजी याने दि. २३ एप्रिल रोजी आटपाडीतील डॉ. पद्मावती पाटील यांच्याविरुद्ध अर्ज दिलेला आहे. चुकीच्या इंजेक्शनने मुलगा गेला, असे त्यात म्हटले आहे. साक्षीदारांत पहिले नाव माझे असून त्याखाली माझी सही आहे. अर्ज वाचूनच मी सही केली होती. त्यातला मजकूर बरोबर नाही, हे मला सही करतानाही माहीत होते.

आमचा धंदा गलाईचा. म्हणजे सराफांकडचे जुने दागिने, घडणावळीच्या दुकानातली झाडलोटीची माती, असे सगळे मुशीत घालून वितळवायचे आणि तेजाबात टाकून सोने-चांदी वेगळे करायचे. मी १९८६ पासून दिल्लीत होतो. सूरजला सतराव्या वर्षी मीच तिकडे नेले. मूस कशी धरायची, आचेचा रंग कसा ओळखायचा, हे त्याला मी शिकवले. त्याचा हात चांगला होता. तोंडही गोड होते, सराफाच्या पेढीवर टेकला की चहा न मागता यायचा. २०१९ साली त्याने स्वतःचे दुकान टाकले. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहून घ्यावे.

मागच्या दोन वर्षांत तो गावी आला की मला काही गोष्टी दिसत होत्या. सारखे नाक ओढायचा. नाकातून रक्त यायचे. अंगातले मांस उतरले होते. बोलायला लागला की थांबायचा नाही, आणि मग दोन-दोन दिवस अंथरुणातून उठायचा नाही. दिवाळीत त्याच्या पाठीला तेल चोळत होतो, तर आतली धडधड माझ्या तळहाताला लागत होती. मी विचारले, "का रं, पळत आलायस का काय आंघुळीला?" तो हसला. म्हणाला, "तात्या, धंद्याचं टेन्शन हाय." अंजनाने नाकाबद्दल विचारले तेव्हा तिला मीच सांगितले, "तेजाबाची वाफ हाय ती. माझं न्हाई का नाक फुटत हुतं?"

आमच्या धंद्यात माणसाला काहीही झाले की आम्ही तेजाबाचे नाव घेतो. खोकला येवो, डोळे येवोत, दम लागो, सगळ्याला तेच कारण. बऱ्याच वेळा ते खरेही असते, म्हणून सवय लागते. जानेवारीत मी दिल्लीला त्याच्या दुकानात आठ दिवस राहिलो. धुराडे नवीन होते, पंखा चांगला ओढत होता. भट्टीपुढे दिवसभर बसणाऱ्या दोन्ही कारागिरांची नाके ठणठणीत होती. सूरज भट्टीला महिन्यातून एकदा हात लावत असेल, आणि रक्त त्याच्याच नाकातून येत होते. हे मला तिथेच दिसले होते. मोठ्या सराफांच्या मुलांत त्याची ऊठबस होती. त्यांच्याबरोबर तो काय घेतो, हे मी त्याला विचारले नाही. विचारले असते तर त्याने मला खरे सांगितले असते. म्हणूनच विचारले नाही.

दि. २० एप्रिल, रविवार. सूरजचे लग्न कराडच्या माया नावाच्या मुलीशी ठरले होते. मुलगी इंजिनिअर झालेली, घराणे चांगले. त्या दिवशी दुपारी साडेबाराला आमच्या दारात सुपारी फोडायची होती. मुलीकडची वीस-बावीस माणसे सकाळी दहालाच आली. त्यांत मुलीचे मामा धैर्यशील यांच्या शब्दाला सगळ्यांत मान. त्यांनी लग्न ठरवतानाच्या बैठकीतच दोनदा बोलून दाखवले होते, "आमच्या पोरीचं घर निर्व्यसनी हाय बरं का." मी म्हणालो होतो, "मग आमचं काय पान-तंबाखूचं दुकान हाय का?" सगळे हसले होते.

साडेदहाच्या सुमारास सूरज कपडे बदलायला माडीवर गेला. सव्वाअकराला अंजना जिन्यातून खाली आली आणि हळूच म्हणाली, "भावजी, जरा वर या. पोराला कायतरी हुतंय."

मी वर गेलो. सूरज नवा शर्ट घालून कॉटवर बसला होता. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यागत होतेय, डावा हात आणि जबडा दुखतोय, असे तो म्हणाला. मी अंजनाला जीप काढायला सांगायला पाठवले. ती गेल्यावर सूरजने शर्टाच्या खिशातून मोबाइल आणि नखाएवढी प्लॅस्टिकची पुडी काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "तात्या, ही ठेवा तुमच्यापाशी. आयला दावू नगा."

पुडीत पांढरी पावडर होती. गलाईवाल्याला पांढरी पावडर दिसली की जिभेला लावून बघायची खोड असते. मुशीत टाकायची सवागी म्हणजे टाकणखार, नवसागर, सोडा, आम्ही चवीवरूनच ओळखतो. सवागी गोडसर-तुरट लागते. हे कडू लागले आणि जिन्यातून खाली उतरेपर्यंत माझ्या जिभेचे टोक बधिर झाले, दाढ काढताना होते तसे. काय समजायचे ते मी समजलो. पुडी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

अकरा पस्तीसला आम्ही डॉ. पद्मावती यांच्या दवाखान्यात पोहोचलो. बाई वयाने तिशीच्या आहेत. रविवार असूनही त्या हजर होत्या आणि त्यांनी एक मिनिटही वाया घालवले नाही. छातीची ईसीजीची पट्टी काढली, ऑक्सिजन लावला. रक्तदाब एकशे नव्वद आणि नाडी एकशे चाळीसच्या वर होती, असे त्या नर्सला म्हणाल्या. मग मला विचारले, "काका, याला कसलं व्यसन आहे का? दारू, गुटखा, नशेची पावडर, इंजेक्शन, काहीही? या वयात असा त्रास सहसा होत नाही, म्हणून विचारते."

त्या वेळी दारात धैर्यशील उभे होते. गडबडीत पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातात तसाच राहिला होता. मी म्हणालो, "न्हाई डॉक्टर. पोरगं सुपारीचं खांडसुदीक खात न्हाई. आमाला गलाईच्या धुरानं हुतं आसं." धैर्यशील यांनी मान डोलावली. खरे सांगतो, त्या क्षणी मला बरे वाटले. घर राखल्यासारखे वाटले.

डॉक्टरांचे समाधान झाले नाही. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढले, दार लोटले आणि पुन्हा विचारले. म्हणाल्या, "आता इथं बाहेरचं कोणी नाही. तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील. पण औषध त्यावर ठरणार आहे, लपवू नका." खोलीत डॉक्टर, नर्स, सूरज आणि मी एवढेच होतो. पुडी माझ्या छातीला लागत होती. मी म्हणालो, "एकदा सांगितलं न्हवं?" सूरजनेही नाही म्हटले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे माझ्या मनात होते. चार दिवसांत पोरगा बरा होईल, मग त्याला घरात घेऊन जोड्याने मारीन, असेही होते.

आम्ही दिलेल्या माहितीवरून डॉक्टरांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चावायला दिल्या, जिभेखाली एक गोळी ठेवली आणि नाडी कमी करायचे इंजेक्शन दिले. साधारण पंधरा-वीस मिनिटांत कळ कमी होण्याऐवजी वाढली. सूरजचे ओठ राखेसारखे झाले. दुसरी पट्टी काढल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला. आपल्याकडे याच्यापुढचे साधन नाही, मिरजेला हलवायचे, असे म्हणून त्यांनी स्वतः फोन लावले आणि स्वतः अॅम्ब्युलन्समध्ये बसल्या. बारा पंचवीसला आम्ही निघालो.

वाटेत सूरज दोनदाच बोलला. एकदा पाणी मागितले. दुसऱ्यांदा मला विचारले, "तात्या, पावनं गेलं का?" मी म्हणालो, "न्हाई रं, जेवाय बसल्यात." मला त्यातले काही माहीत नव्हते.

दोन वाजून वीस मिनिटांनी मिरजेत पोहोचलो. तिथे हृदयाचे डॉक्टर आर्जव चौगुले यांनी त्याला लगेच आत घेतले. पाऊण तासाने ते बाहेर आले, घरचे कोण म्हणून विचारले. धनाजी आणि अंजना मागच्या जीपमध्ये अजून वाटेत होते, म्हणून मला बाजूच्या खोलीत नेले. डॉ. पद्मावती तिथे आधीच बसल्या होत्या. चौगुले डॉक्टर म्हणाले, लघवीच्या तपासणीत कोकेन आले आहे. "तुम्हाला माहीत होतं?" मी बंडीतून पुडी काढून टेबलावर ठेवली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते.

त्यांनी कागदावर हृदयाचे चित्र काढून मला समजावले ते मला समजले तसे सांगतो. ही पावडर अंगात गेली की हृदयाला चाबूक बसल्यासारखे होते. ते जोरात पळते, रक्तदाब चढतो, म्हणजे त्याला रक्त जास्त लागते. आणि नेमक्या त्याच वेळी हृदयाला रक्त पोहोचवणाऱ्या नळ्या आवळतात. शिवाय रक्त गोठायला लागते. सूरजच्या डाव्या बाजूच्या मोठ्या नळीत अशीच गाठ अडकली होती. मी म्हणालो, "म्हंजे भाता दुप्पट मारायचा आन् कोळसा काढून घ्यायचा." ते म्हणाले, "हो, तसंच." घेतल्यापासून पहिल्या तासात धोका सगळ्यात जास्त असतो, आणि तो पहिल्यांदा घेणाऱ्यालाही असतो. सूरजचे पहिल्यांदाचे नव्हते. त्याच्या नळ्या आतून पन्नाशीच्या माणसासारख्या झाल्या होत्या आणि हृदयाचा स्नायू जाड झाला होता. म्हणजे दिवाळीत माझ्या हाताला लागत होते ते हेच.

मी इंजेक्शनाबद्दल विचारले. त्यांनी सांगितले की, साध्या झटक्यात ते औषध चालते, पण ही नशा अंगात असताना त्याने नळ्या आणखी आवळू शकतात, म्हणून ते टाळतात. आधी माणसाला शांत करायचे औषध देतात. मी विचारले, "मग त्या इंजेक्शनानं गेलं म्हणायचं का?" तेव्हा सूरज जिवंत होता, तरी माझ्या तोंडून गेलं असेच आले. ते म्हणाले, "असं छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. गाठ आधीच झालेली असेल. पण पहिला तास सोन्याचा असतो, आणि तो तुम्ही यांना डोळे बांधून घालवायला लावला." डॉ. पद्मावती यांचे डोळे भरले होते. पुडी पोलिसांत द्या, असे चौगुले डॉक्टरांनी सांगितले. मी ती पुन्हा खिशात घातली.

सूरजची नळी त्यांनी उघडली होती. तरी पहाटे त्याच्या हृदयाचे ठोके बिघडले. दि. २१ रोजी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तो गेला.

दि. २२ रोजी आमच्या भावकीतल्या लोकांनी आटपाडीच्या दवाखान्यावर दगड टाकले. मी तिथे हजर होतो. मी दगड टाकला नाही, कोणाचा हातही धरला नाही. डॉ. पद्मावती दारात उभ्या राहून म्हणाल्या, तपासणीचा कागद मिरजेला आहे, तो एकदा बघा. धनाजी म्हणाला, "डाक्टर डाक्टर सगळं एकच. मेल्याल्या पोराच्या नावावर कायबी खपवत्याल." बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या चपलांकडे पाहिले. त्या सगळ्यांसमोर माझे नाव घेऊ शकत होत्या. त्यांनी घेतले नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला चोर साक्षीदार म्हणून सही करून आला.

तेव्हापासून दवाखाना बंद आहे. दि. २९ रोजी आमच्या वस्तीवरील बनुबाई हिच्या छातीत कळ आली. तिला जीपमध्ये घालून तिचा मुलगा आधी बंद दवाखान्यापर्यंत गेला, फुटक्या काचा बघून माघारी फिरला आणि तिला विट्याला घेऊन गेला. बनुबाई वाचली. मी तिला बघायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाळासो, त्या बाईला तुमी लोकांनी घालवलं. आता आमी कुठं जायाचं?"

काल संध्याकाळी अंजना आमच्या ओट्यावर आली. तिने विचारले, "भावजी, तुमी आत हुता. डाक्टरणीची नेमकी काय चूक झाली वो? मला येकदा नीट सांगा, म्हंजे माझं डोकं शांत हुईल." आईला तिच्या मुलाचे काय झाले हे माहीत नाही आणि ते मला माहीत आहे. मी तिला सगळे सांगितले. ती रडली नाही. तिने विचारले, "तुमाला चव बघितल्यावर कळलं हुतं?" मी व्हय म्हणालो. ती उठून घरात गेली. धनाजी आज सकाळपासून माझ्याशी बोललेला नाही, आणि त्याने बोलावे असे माझे म्हणणे नाही.

पुडी मी घरी सवागीच्या डब्यात ठेवली होती. ती आज पंचांसमक्ष हजर केली आहे. माझ्या काट्यावर ती प्लॅस्टिकसह सहाशे मिलिग्रॅम भरली. ती बारा दिवस जवळ ठेवल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. धनाजीच्या अर्जावरील साक्षीदार म्हणून केलेली सही मी मागे घेतो. डॉ. पद्मावती पाटील यांनी विचारायचे ते दोनदा विचारले होते. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. आमच्या तालुक्यातली शेकडो पोरे गलाईला बाहेर आहेत. कोणाचे नाक फुटले तर आधी वाफेचे नाव घेऊ नका, एवढे तरी माझ्यावरून कळावे.

हा जबाब हवालदार राणी सरगर यांनी संगणकावर टाइप केला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातले एक वाक्य खोटे आहे. ते मीच तसे सांगितले होते, म्हणून ते खोडण्याऐवजी खाली दुरुस्ती लिहून घ्यावी.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारले तेव्हा सूरजनेही नाही म्हटले, असे वर आले आहे. सूरज नाही म्हणाला नव्हता. डॉक्टर विचारून नर्सकडे वळल्या, तेवढ्यात त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने खाली ओढला आणि म्हणाला, "मॅडम, मी सकाळी..." एवढेच. मी त्याचा हात धरला, मास्क पुन्हा तोंडावर बसवला आणि त्याच्या कानाशी म्हणालो, "बोलू नगंस बाळा, दम लागंल." तो गप्प झाला. लहानपणापासून तो माझे ऐकत असे.

आता हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे पुरा आणि बरोबर आहे.

सही
(बाळासो ज्योतिबा मेटकरी)

समक्ष
हवालदार, पोलीस ठाणे